रामटेके काकांचा चार्ज

रामटेके काकांना काही सांगायचं म्हणजे ते दोनदा ऐकायची तयारी ठेवावी लागे. एकदा आपल्या तोंडून आणि एकदा त्यांच्या. किराणा दुकानात सुद्धा तेच. दुकानदार म्हणे, "अरहर नया आया है, पुराना कल ख़तम हुआ," तर काका पिशवी खाली ठेवून म्हणत, "नवी डाळ आली, जुनी काल संपली. बराबर?" मागे दहा माणसं उभी. मी एकदा घाईघाईत सांगून गेले, "काका, उद्या लाइट जाणार आहे म्हणे." तर मला गल्लीच्या कोपऱ्यावरून परत बोलावलं. "उद्या, मंजे गुरुवारी, लाइट जानार हाय. किती वाजता? कोन सांगतलं?" मला काय माहीत! मी ऐकलं होतं, तसं फेकलं होतं. माझं डोकं आधीच लवकर तापतं, त्यात हा माणूस शेजारी, भिंतीला भिंत लागून. सुरुवातीची तीन-चार वर्षं मी त्यांना चुकवूनच जायची.

आमचं घर पावर हाउसच्या बाजारामागे. मी साड्यांना फॉल-पिको करते, नवरा स्टील प्लांटमध्ये शिफ्टला. माझं माहेर भंडाऱ्याकडचं, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले, म्हणून हे लिहिता तरी येतंय. इथं आमचं मराठी उंबऱ्याच्या आतलं, बाहेर सगळी हिंदी. काकांचे वडीलही तिकडूनच आलेले. पण काका प्लांटवाले नव्हते. कुम्हारीजवळच्या एका छोट्या कारखान्यात त्यांनी जन्मभर क्रेन चालवली होती. बायको वारलेली, मुलगा हैदराबादला. रिटायर होऊन कितीतरी वर्षं झाली तरी अंगात तोच राखाडी फुलबाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला, आणि खिशात पेन्सिल. भर मे महिन्यात सुद्धा. मी एकदा म्हटलं, "काका, एक बटन तरी उघडा, आम्हाला बघून घाम येतो." ते म्हणाले, "ड्यूटीवर हाओ नं."

कसली ड्यूटी, ते मला प्राचीमुळे कळलं.

प्राची माझी एकुलती एक. तेव्हा तिसरीत होती, नुकतं आठवं संपलेलं. वाचण्यात अशी तरबेज की काय सांगू. हिंदी असो, इंग्रजी असो, पुस्तक उघडलं की धडाधड सुरू, श्वास घ्यायला थांबायची नाही. मी मशीनवर बसलेली असले की तिला बाहेर ओट्यावर बसवायची आणि सांगायची, "मोठ्यानं वाच." गल्लीनं ऐकावं म्हणून. खोटं कशाला बोलू, मला फार मिरवायचं होतं.

असंच एकदा ती हिंदीचा धडा वाचत होती. एका म्हातारीची बकरी पुरात वाहून जाते आणि म्हातारी रोज संध्याकाळी दार उघडं ठेवून बसते, असा तो धडा. प्राचीनं बकरी वाहून नेली आणि त्याच सुरात पुढची ओळ घेतली. काका त्यांच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले. धडा संपल्यावर म्हणाले, "बेटा, मंग बकरी कुठं गेली?"

प्राची म्हणाली, "पेज तेईस पे."

काका हसले नाहीत. मान हलवून त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "ताई, पोट्टीले वाचता येत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अख्ख्या गल्लीत माझ्या पोरीसारखं कुणी वाचून दाखवावं! मी म्हटलं, "काका, तुमचे कान तपासून घ्या," आणि प्राचीला हाताला धरून घरात नेलं. दार सुद्धा आपटलं.

पंधरा दिवसांनी शाळेतून बोलावणं आलं. मॅडमनी तिचा पेपर माझ्यापुढं ठेवला. तोच बकरीचा धडा. प्रश्न होता, म्हातारी दार उघडं का ठेवत होती? प्राचीनं सुंदर अक्षरात लिहिलं होतं, दार लाकडाचं होतं. प्रश्नात 'दार' होतं, तिनं धड्यात 'दार' शोधलं आणि ती ओळ उतरवली. सगळे प्रश्न तसेच. मॅडम म्हणाल्या, "रीडिंग फर्स्ट क्लास है, पर समझती कुछ नहीं." वार्षिक परीक्षेत हेच झालं तर तिला पुन्हा तिसरीतच बसवणार होते. तिच्या सगळ्या मैत्रिणी चौथीत जातील आणि ही मागे राहील. रस्ताभर पोरीला काही बोलले नाही. तिची काय चूक? मोठ्यानं वाच, मोठ्यानं वाच, हे मीच सांगत आले होते. समजलं का, असं एकदाही विचारलं नव्हतं.

घरी न जाता सरळ काकांच्या दारात गेले. दार आपटल्याची लाज तोंडावर होतीच. काका म्हणाले, "बसा. काय झालं, सांगा." मी सांगितलं. त्यांनी सगळं परत म्हणून दाखवलं, दार लाकडाचं होतं इथपर्यंत. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या सवयीचा राग आला नाही. कुणीतरी आपलं पूर्ण ऐकलंय, असं वाटलं.

"उद्यापासून पाच वाजता पाठवा," ते म्हणाले. "पुस्तक आनू नोको मनावं."

पाच म्हणजे पाच. कारखान्यात शिफ्ट बदलताना जाणारा माणूस येणाऱ्याला चार्ज देतो. रजिस्टर वाचायचं, काय चालू, काय बंद, कुठं सांभाळायचं, ते येणाऱ्यानं आपल्या तोंडानं सांगायचं, मग दोघांनी सही करायची आणि वेळ टाकायची. काकांचा वर्ग हाच होता. लाल कापडी पाठीचं मोठं रजिस्टर, दोन खुर्च्या आणि साहू काका. साहू काका त्यांच्याच कारखान्यातले, छत्तीसगढी माणूस, रोज संध्याकाळी चहाला यायचे. त्यांना अक्षरओळख बेताची. प्राचीनं काहीतरी वाचायचं, कागद पालथा घालायचा आणि साहू काकांना चार्ज द्यायचा.

वाचायला काय? जे हाती लागेल ते. औषधाचं खोकं, पापडाचं पाकीट, लग्नाची पत्रिका, बल्बच्या डब्यावरची सूचना. मी म्हटलं, "काका, धडे कधी घेणार?" तर म्हणाले, "धड्याले पोट्टी भेते. पापडाले नाही भेत."

पहिले आठ दिवस नुसती करमणूक होती. प्राचीला पाठांतराची सवय, ती पाकिटावरचं जसंच्या तसं म्हणून टाकायची. साहू काका कानाला हात लावून ऐकायचे आणि मान हलवायचे, "नइ समझेंव, नोनी." मला कळलं नाही, मुली. ती पुन्हा म्हणायची, आणखी जोरात. "नइ समझेंव." शेवटी चिडून म्हणाली, "अरे दादाजी, मतलब पापड को धूप में मत रखना, नहीं तो टूट जाएगा!"

"हां, अब समझेंव," साहू काका म्हणाले. रामटेके काकांनी पेन्सिल काढली, रजिस्टरमध्ये वेळ टाकली आणि तिला सही करायला लावली. मग त्यांचा ठरलेला प्रश्न, "काई सुटलं काय?" तिनं कागद उलटून बघितला. सुटलं होतं. डबा घट्ट बंद करायचा होता. हा प्रश्न ते रोज विचारत, आणि सुटलं असेल तर रागवत नसत. पण सुटलेलं असताना 'नाही' म्हटलेलं त्यांना चालत नसे.

मी भिंतीच्या अलीकडून मशीन बंद करून ऐकायची. गिऱ्हाईक ओरडायचं, "दीदी, हुआ क्या?" मी म्हणायची, होतंय.

माझीही एकदा परीक्षा झाली, ती सांगितली नाही तर लबाडी होईल. खांबावर पाणी बंद राहणार असल्याची सूचना लागली. मी बाजारातून येताना वाचली आणि गल्लीभर ओरडत सुटले, मंगळवारी पाणी नाही, भरून ठेवा गं बायांनो! सोमवारी संध्याकाळी साऱ्या गल्लीनं ड्रम भरले, बादल्या भरल्या. मी तर कुकर सुद्धा भरून ठेवला. मंगळवारी सकाळी सहाला नळ आला, रोजच्यापेक्षा जोरात. पाच-सहा बाया माझ्या दारात. काका तिथून चालले होते, हातात दुधाची पिशवी. थांबले आणि म्हणाले, "ताई, चार्ज द्या."

"कशाचा चार्ज? लिहिलं होतं, मंगळवारी पाणी नाही!"

काकांनी प्राचीला बोलावून खांबाकडं पाठवलं. ती वाचून आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मम्मी, अगला मंगलवार लिखा है. और अपनी तरफ़ का तो नामच नाही हाय, टंकीच्या उस पारवालों का है." बाया अशा हसल्या की काय सांगू. तोंड लपवायला जागा नव्हती. काका मात्र हसले नाहीत. म्हणाले, "वाचता सगळ्यायलेच येते, ताई. आपन आपल्या मनातलं वाचतो, हेच खरं भेव हाय." आणि दूध तापवायला निघून गेले. त्या दिवशी कुकरमधल्या पाण्याचा मी चहा केला आणि एकटीच हसत बसले. पण मनात कुठंतरी बरंही वाटत होतं. 'अगला' शब्द माझ्या पोरीला दिसला होता.

साहू काकांच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती. प्राचीनं ते कधी विचारलं असेल ते ठाऊक नाही, पण एका संध्याकाळी मी रजिस्टरजवळ चहा ठेवत होते तेव्हा रामटेके काका तिला सांगत होते. आवाज नेहमीचाच, पापडाचं पाकीट वाचावं तसा.

"मी तवा नवा होतो. अक्षर चांगलं, वाचनं खणखणीत. साहूले वाचता येत नव्हतं, मून चार्ज मीच घेत होतो. त्या दिवशी रजिस्टरमंधी लिवलं होतं, दोन नंबरची साखळी घासली हाय, वापराची नाही. मी वाचलं. सगळ्यायले आयकू जाईन असं मोठ्यानं वाचलं. सही केली. अन् पंधरा मिनिटानं क्रेनवरतून साहूले आवाज देल्ला, दोन नंबर लाव."

प्राची म्हणाली, "पण तुमी तर पढ़ा था ना?"

"हाव नं. वाचलं होतं. समजलं नव्हतं. माया मनात बहिनीचं लगन होतं."

साहू काका चहा बशीत ओतत होते. म्हणाले, "अब छोड़ न, रामटेके. आठ ठन तो बाँचे हे." आठ तर उरलीत ना.  रामटेके काकांनी शर्टाचं वरचं बटण लागलंय का ते हातानं चाचपून बघितलं. मला तेव्हा कळलं की हा माणूस रिटायर झालेलाच नाही. त्या एका शिफ्टचा चार्ज तो अजून परत परत घेतोय. मला रडू आलं, म्हणून मी कप उचलून आत गेले.

दिवाळी गेली, थंडी आली. प्राची आता वाचताना अडखळायला लागली होती आणि मला काळजी वाटत होती. आधी पाण्यासारखी वाहायची, आता दोन ओळी वाचून भुवया आकसायची. मी काकांना म्हटलं, "काका, हिचं वाचन बिघडलं." ते खूश झाले. इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आत जाऊन तिच्यासाठी चिक्की घेऊन आले.

मग एकदा तिनं स्वतःहून तो बकरीचा धडा आणला. वाचला, पालथा घातला आणि साहू काकांना चार्ज दिला. शेवटी म्हणाली, "पण दादाजी, बकरी तो मर गई. आजीले माहीत हाय. मग दार उघडं काऊन ठेवते?"  रामटेके काकांनी रजिस्टर ओढलं आणि लिहिलं, 'प्राचीनं विचारलं,' आणि समोर वेळ टाकली. स्वतः सही केली. वार्षिक परीक्षेला तेव्हा महिना उरला होता.

त्याच महिन्यात काकांच्या पोटात गाठ निघाली. ते कुणाला बोलले नव्हते. शर्ट ढिला पडायला लागला तेव्हा मीच मागे लागून डॉक्टरकडं नेलं. मुलगा हैदराबादहून आला. ऑपरेशनची तारीख ठरली, परीक्षेच्या आठ दिवस आधीची. सकाळी मी आणि प्राची भेटायला गेलो. मी सवयीनं डबा नेला होता. त्यांना काही खायचं नाही, हे तिथं गेल्यावर कळलं.

काका पलंगावर बसलेले. अंगात हॉस्पिटलचा हिरवा झगा, गळ्याशी उघडा. ते रूप मला बघवेना. मुलगा हातात कागद घेऊन उभा होता. "बाबा, सही करा ना. फॉर्मेलिटी आहे, सगळेच करतात. डॉक्टर थांबलेत."

"मी कुम्हारीले फॉर्मेलिटीच केली होती," काका म्हणाले. "चष्मा घरी राहिला. वाचून सांग कोनी."

मी हात पुढं केला. "द्या, मी वाचते."

"तुमी गोड करून वाचसान, ताई." त्यांनी प्राचीकडं बघितलं. "हे जसं हाय तसं सांगन."

मी म्हटलं, "काका, लहान आहे ती!" मुलगाही काहीतरी बोलला. पण प्राचीनं कागद घेतलाही होता. पलंगाच्या कडेला बसून ती मनातल्या मनात वाचत गेली. पूर्वीसारखं मोठ्यानं नाही. किती वेळ लागला कुणास ठाऊक. मग कागद मांडीवर पालथा घातला आणि चार्ज द्यायला लागली.

"एक नंबर, तुमाले सुई देऊन झोपवनार. दो नंबर, पोट कापून गाठ निकालेंगे. तीन नंबर, खून कम पड़ा तो दुसऱ्याचं चढ़ाएँगे. पाँच नंबर, बाद में डॉक्टर जे सांगन ते करायचं. झालं."

काका बोटांवर मोजत होते.

"तीननंतर पाच?" ते म्हणाले. "चार कुठं गेला?"

प्राचीनं खाली बघितलं.

"काई सुटलं काय, बेटा?"

"नहीं."

"मंग?"

"सुटलं नाही," ती म्हणाली. "मी सोडलं."

"काऊन?"

तिनं कागद मांडीवर घट्ट दाबून धरला.  माझा हात तिच्या पाठीवर होता आणि तिचं सगळं अंग ताठ झालेलं मला जाणवत होतं. मला वाटलं कागद हिसकावून घ्यावा आणि तिला उचलून घरी न्यावं. पण काकांनी मला हातानं थांबवलं. ते रोज ओट्यावर बसत तसेच बसले होते, घाई नव्हती.

मग ती म्हणाली, "चार नंबर में लिखा है, दादाजी, की हो सकता है... की तुमी झोपेतून उठणारच नाही."

"चार नंबर," काकांनी परत म्हटलं, "मी झोपेतून उठनार नाही, असं होऊ शकते. बराबर?"

"बराबर."

"चार्ज घेतला." त्यांनी कागद घेतला, सही केली आणि सहीसमोर भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळ टाकली. मग पेन प्राचीच्या हातात दिला. तिनंही कोपऱ्यात छोटी सही केली. मुलगा तोंड फिरवून खिडकीकडं उभा राहिला. काका माझ्याकडं वळले. डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा हसरा होता.

"ताई, पोट्टीले वाचता येते."

परीक्षेचं विचाराल तर ती पास झाली, चौथीत गेली. पण त्या निकालाच्या दिवशी मला काहीच वाटलं नाही. माझ्यासाठी तो निकाल आधीच लागला होता, आणि ज्यांना जाऊन सांगावा ते ऑपरेशननंतर घरी परत आलेच नव्हते. साहू काका अजून पाच वाजता येतात. प्राची त्यांना चार्ज देते.

मला काका दिसतात ते त्या सकाळचे. स्ट्रेचरवर आडवे, दाराकडं नेत होते. सिस्टर फाइल बगलेत मारून भराभर चाललेली. काकांनी हात वर करून स्ट्रेचर थांबवलं. आम्हाला वाटलं त्यांना काही त्रास होतोय. प्राची धावत गेली. पण ते सिस्टरला विचारत होते, "सिस्टर, उसमें क्या लिखा है, बताओ तो ज़रा." सिस्टर गोंधळली, थांबली, तिनं फाइल उघडली. तिथंच, दाराच्या मधोमध, ती वाचायला लागली आणि काका एक-एक ओळ परत म्हणू लागले. त्यांचा हात गळ्याशी गेला होता, नसलेलं बटण लावायला.